सर, मॅडम, ते पत्र तुम्हीच लिहा

महाराष्ट्रातील महाविद्यालयांमधले प्राध्यापक, विभागप्रमुख, प्राचार्य आणि विद्यापीठांच्या परीक्षा विभागांतील अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर सरत आला की माझ्या फोनवर एकाच धर्तीचे निरोप यायला लागतात. ‘ताई, सर म्हणाले तूच लिहून आण, मी सही करतो. काय लिहू?’ कधी मुलगा नांदेडचा असतो, कधी मुलगी बार्शीची. प्रश्न तोच: परदेशी विद्यापीठातल्या प्रवेशासाठी शिक्षकांनी द्यायच्या शिफारसपत्राचा. मी २०१८ मध्ये मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून सिव्हिल झाले, पुढच्या वर्षी एमएससाठी अमेरिकेत आले, आणि आता नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी आपल्याकडच्या मुलांचे अर्ज बघून देते. त्या मुलांच्या वतीने हे पत्र लिहिते आहे. यात तक्रार आहे, ती लपवत नाही. पण ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांच्याकडेच ती करते आहे.

ऑनलाइन अर्ज म्हटला की आपल्याकडे समज असा, की तो भरणं हे सगळं त्या मुलाचं काम. मास्टर्ससाठी बहुतेक विद्यापीठांचं आपापलं पोर्टल असतं. त्यात मुलगा आपली माहिती भरतो, मार्कशीट स्कॅन करून चढवतो, एसओपी म्हणजे काय शिकायचंय आणि का, हे सांगणारा निबंध लिहितो, टोफेल किंवा आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचे आणि जिथे मागतात तिथे जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण टाकतो, फी भरतो. शेवटी एक पान असं येतं जिथे त्याचा हात थांबतो. तिथे त्याला साधारण तीन माणसांची नावं, हुद्दे आणि ईमेल पत्ते द्यावे लागतात. त्याने ‘पाठवा’ दाबलं की पोर्टल परस्पर त्या तिघांना ईमेल करतं. त्यानंतर मुलाला स्क्रीनवर एवढंच दिसतं, की पत्र मागितलं आहे की मिळालं आहे. तो फार तर आठवणीचा ईमेल पाठवू शकतो. अर्जाचा हा भाग तुमचा असतो, सर.

तुमच्यापैकी अनेकांनी तो भाग स्वतः उघडून पाहिलेलाच नाही, म्हणून सांगते. ईमेलमधल्या लिंकवर गेलात की पहिल्यांदा विचारतात, या विद्यार्थ्याला किती काळ ओळखता आणि कोणत्या नात्याने. मग बऱ्याच ठिकाणी एक तक्ता येतो. विषयाची समज, स्वतंत्रपणे काम करण्याची कुवत, लेखन, चिकाटी, सचोटी. प्रत्येकासमोर पर्याय: तुम्ही शिकवलेल्या मुलांमध्ये हा पहिल्या दोन टक्क्यांत, पाचांत, दहांत, पंचविसांत, की त्याच्याही खाली. ‘मला सांगता येणार नाही’ असाही रकाना असतो, आणि तो निवडला तर कुणी आकाश कोसळल्यासारखं वागत नाही. त्याखाली पत्राची पीडीएफ जोडायची. शांतपणे बसलात तर पहिल्यांदा अर्धा तास लागतो, नंतरच्या विद्यापीठांना दहा मिनिटं पुरतात.

आणखी एक. पत्र मागवण्याआधी पोर्टल मुलाला विचारतं, हे पत्र पुढे कधी पाहण्याचा तुझा हक्क तू सोडतोस का? अमेरिकेत १९७४ सालच्या एका कायद्याने विद्यार्थ्याला आपल्याविषयीची शैक्षणिक कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला आहे. शिफारसपत्रापुरता तो सोडता येतो, आणि जवळजवळ सगळे सोडतात. कारण उघड आहे. मुलगा वाचणार नाही म्हटल्यावर शिक्षक मोकळेपणाने लिहितील, असा वाचणाऱ्याला भरवसा वाटतो. आता विचार करा, हक्क सोडल्याच्या चौकटीवर टिचकी मारून तोच मुलगा रात्री बसून तेच पत्र स्वतः टाइप करतो.

मी केलं आहे हे. म्हणून अधिकाराने बोलते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मी आमच्या विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर तीन दिवस उभी राहिले. चौथ्या दिवशी सर भेटले, चौकशी केली, चहा मागवला आणि म्हणाले, ‘तू ड्राफ्ट आण, बघतो.’ कॉलेजचा ईमेल चालत नव्हता, याहूचा पासवर्ड त्यांना आठवत नव्हता. तेव्हा माझ्याच मोबाइलवर त्यांच्या नावाने नवं जीमेल खातं उघडायला त्यांनी सांगितलं. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. मुलीचं काम अडू नये एवढाच हेतू होता. सीनियर्सकडून एक वर्ड फाइल आली. ती आमच्या कॉलेजात किती वर्षं फिरत होती देव जाणे. तीत नाव, विषय आणि प्रोजेक्ट बदलायचं, बाकी तसंच ठेवायचं. मी तसंच केलं. पोर्टलवरच्या त्या तक्त्यात मीच मला पहिल्या दोन टक्क्यांत बसवलं. पत्र चढवून झाल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं, तिसऱ्या परिच्छेदात ‘हिज लीडरशिप’ तसंच राहून गेलं होतं. माझ्याविषयीच्या पत्रात ‘त्याचं’ नेतृत्व. ते चार विद्यापीठांना गेलं होतं. परत घेता येत नाही.

मी रडत प्रयोगशाळेतल्या सरांकडे गेले. त्यांच्याकडे माझं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट होतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस आम्ही घरात घागरी मोजत काढले होते. म्हणून प्रोजेक्टसाठी मी औसा तालुक्यातल्या सत्तावीस विहिरींची पाणीपातळी मोजायला घेतली होती. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य म्हणाले ते असं: ‘उरलेल्या अर्जांमधून ते खातं काढून टाक. आज. आत्ता.’ मग म्हणाले, ‘माझं पत्र मी लिहीन. तू वाचायचं नाहीस.’ बाकीच्या दोन पत्रांसाठी त्यांनी मला तासिका तत्त्वावर हायड्रॉलॉजी शिकवणाऱ्या मॅडमकडे आणि जिथे मी महिनाभर काम शिकले होते तिथल्या भूवैज्ञानिक मॅडमकडे पाठवलं. मी चाचरत म्हटलं, ‘सर, पण त्या तर कॉन्ट्रॅक्टवर आहेत. प्राचार्यांचं घेतलं तर वजन पडेल ना?’ सर म्हणाले, ‘प्राचार्यांनी तुला कधी काम करताना पाहिलंय?’

पहिल्या चार ठिकाणांहून नकार आले. नंतरच्या तिनांपैकी एका विद्यापीठाने प्रवेश दिला, सोबत असिस्टंटशिपही, म्हणजे विभागात काम करून मिळणारं मानधन. पत्रांमुळेच असं घडलं, असं मी म्हणणार नाही. नकाराचं कारण कुणी कळवत नाही, आणि निवडीत शंभर गोष्टी असतात. पण ऑगस्टमध्ये माझ्या प्राध्यापिकेला पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा तिने नाव विचारायच्या आधीच विचारलं, ‘ती पंपाच्या विहिरीवर परत गेलेली मुलगी तूच ना?’

ती गोष्ट मीच विसरले होते. एकोणिसाव्या विहिरीवर आम्ही पोचलो तेव्हा शेतकऱ्याने मोटर नुकतीच बंद केली होती. उपसा चालू असताना किंवा तो थांबल्या थांबल्या घेतलेलं माप खरं नसतं, पाणी खाली गेलेलं असतं आणि वर यायला वेळ लागतो. मी वहीत आकडा लिहून त्याभोवती गोल केला. शेतीची लाइट त्या आठवड्यात कधी येते हे मालकांना विचारून घेतलं, आणि पुढच्या रविवारी पहाटेच्या पहिल्या एसटीने मोटर सुरू व्हायच्या आत जाऊन पुन्हा टेप सोडला. एवढंच. सरांनी वही तपासताना तो गोल आणि त्यापुढची दुसरी तारीख पाहिली होती. मला कधी काही बोलले नव्हते. पत्रात मात्र त्यांनी तेच लिहिलं. माझ्या सीजीपीएबद्दल नाही, ‘हार्डवर्किंग अँड सिन्सिअर’ तर नाहीच.

सर, ही नजर तुम्हा सगळ्यांकडे आहे. चार वर्षं तुम्ही आम्हाला सबमिशनच्या धांदलीत, व्हायव्हात, वर्कशॉपमध्ये बघता. कुणाच्या फाइलमध्ये रीडिंग खरी आहेत आणि कुणी शेजाऱ्याची उतरवलीत, हे तुम्हाला पान उलटतानाच कळतं. अमेरिकेत बसलेल्या समितीला नेमकं हेच ठाऊक नसतं. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ होती, सगळ्या देशांत सर्वाधिक. म्हणजे अर्ज त्याहून किती तरी जास्त आले असणार. त्या ढिगात तुमच्या मुलीचं मार्कशीट वेगळं उठून दिसत नाही. आणि दिसलंच तर भलत्या कारणाने दिसेल. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. तिथे साठ टक्के म्हणजे जेमतेम पास. ‘आमच्या विद्यापीठात हे गुण चांगले समजतात, आणि ही मुलगी वर्गात दुसरी होती’ हे एक वाक्य तुम्ही लिहिलंत तर तिच्या अडुसष्ट टक्क्यांचा अर्थ बदलतो. हे मुलीने स्वतःच्या एसओपीत लिहिलं तर सबब वाटते.

एखाद्या पोराला न्याहाळून त्याच्यासाठी शब्द टाकणं आपल्याकडे नवीन नाही. चर्नी रोडच्या बागेत रोज संध्याकाळी वाचत बसणारा एक मुलगा केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. तो त्यांच्या शाळेचाही नव्हता. पुढे त्याचं कॉलेज पैशावाचून अडलं तेव्हा त्याला सयाजीराव महाराजांकडे नेऊन त्याच्यासाठी शब्द टाकला तो याच गुरुजींनी, आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथले त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी १९१६ मध्ये लंडनला प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी शिफारसपत्र धाडलं. बाबासाहेबांची बुद्धी कुणाच्या पत्राची मिंधी नव्हती, हे कुणालाही मान्य आहे. तरी दारं उघडताना आतल्या माणसाला ओळखीचा आवाज लागतो, आणि तो त्या त्या वेळी शिक्षकांनी दिला.

तुमच्या अडचणी मला दिसतात. साठ जणांच्या वर्गातले पंधरा अमेरिकेला अर्ज करतात, प्रत्येकाचे सात-आठ अर्ज, म्हणजे एकेका शिक्षकाकडे शंभर लिंका येऊ शकतात. त्यात कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाची फाइल, विद्यापीठाचे पेपर तपासणे, प्रवेश समिती. मग ‘तूच लिहून आण’ असं तोंडातून निघून जातं. माझी विनंती एवढीच, की शंभरांना लिहू नका. ज्या पाच-सहांना खरंच ओळखता त्यांना हो म्हणा आणि बाकीच्यांना स्पष्ट नाही म्हणा. ‘बाळ, मी तुला फक्त एक सेमिस्टर शिकवलंय, तू अमुक मॅडमकडे जा’ हे ऐकून मुलाला दोन दिवस वाईट वाटेल, पण त्याच्या अर्जाचं भलं होईल. एका मुलासाठी एकच पत्र लिहायचं असतं, तेच सगळ्या विद्यापीठांना जातं. हो म्हणालात तर त्याच्याकडून ड्राफ्ट न मागता माहिती मागा: तुझ्या प्रोजेक्टमध्ये काय बिघडलं होतं, ते तू कसं सोडवलंस, माझ्या तासाला तू काय विचारलं होतंस. एका पानावर मराठीत लिहून दे म्हणा. त्यातलं तुम्हाला आठवतं आणि पटतं तेवढंच घ्या.

बरेच शिक्षक मला संकोचाने सांगतात, ‘माझं इंग्रजी तितकं बरं नाही गं, म्हणून मुलांनाच लिहायला सांगतो.’ कृपा करून हा संकोच सोडा. माझ्या सरांचं इंग्रजी फार साधं होतं. ‘शी वेंट अगेन ऑन संडे’ अशाच धाटणीची वाक्यं त्यांनी लिहिली असणार. वाचणाऱ्याला ती पुरली. आता तर मुलं चॅटजीपीटीकडून पत्र लिहून घेतात. ती वाचायला गुळगुळीत असतात आणि एकातून दुसरं ओळखू येत नाही. मी गेल्या वर्षी दोन जिल्ह्यांतल्या दोन कॉलेजांची पत्रं पाहिली, दोघांचं शेवटचं वाक्य अक्षरशः एक होतं. अशा वेळी तुमच्या मोडक्या इंग्रजीतली खरी हकिकत सोन्यासारखी आहे.

धोक्याबद्दलही सांगायला हवं. अर्ज सबमिट करताना मुलगा सही करतो, की यातलं सगळं खरं आणि अस्सल आहे. खोटं निघालं तर दिलेला प्रवेशही रद्द करता येतो, शिकायला सुरुवात झाल्यावरसुद्धा. तीन शिक्षकांची तीन पत्रं एकाच संगणकावरून, एकाच रात्री, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने आली तर ते लपत नाही. तुमचं नाव त्या कागदावर असतं, आणि तुमच्या कॉलेजचं. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजातून खरोखरीच्या हुशार पोरीचा अर्ज गेला, तर तिच्या पत्राकडे कोणत्या नजरेने बघतील?

प्राचार्यांना मला वेगळं सांगायचं आहे. प्रत्येक शिक्षकाला, तासिका तत्त्वावर असलेल्यांनासुद्धा, कॉलेजच्या नावाचा चालणारा ईमेल द्या. अनेक पोर्टल संस्थेचा पत्ता मागतात, जीमेल-याहू दिसलं की पडताळणी करतात किंवा पत्र बाजूला ठेवतात. मुलांना सगळ्यात जवळून ओळखणारे शिक्षक आज बऱ्याच ठिकाणी कॉन्ट्रॅक्टवरच आहेत, आणि मे महिन्यात ते कॉलेज सोडतात तसा त्यांचा पत्ताही बंद होतो. डिसेंबरपर्यंत तो चालू ठेवायला फार खर्च येत नाही. कनिष्ठ महाविद्यालयांकडे हा विषय आता बारावीनंतर थेट पदवीला जाणाऱ्या मुलांमुळे येतो आहे. त्यांचा कॉमन ॲप नावाचा एकत्रित अर्ज दर वर्षी १ ऑगस्टला उघडतो, आणि त्यात शाळेच्या समुपदेशकाने स्वतः लॉगिन करून गुणपत्रक, शाळेची माहिती आणि अहवाल चढवायचा असतो. आपल्याकडे समुपदेशक नसतो, म्हणून ती लिंक प्राचार्यांच्या नावाने येते आणि कार्यालयातल्या क्लार्कच्या इनबॉक्समध्ये पडून राहते. निदान एका शिक्षकाला हे काम नेमून द्या.

परीक्षा विभागाला दोन गोष्टी. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सेमिस्टरचा एकत्रित उतारा, आणि अमेरिकन पद्धतीत तो संस्थेकडून संस्थेकडे परस्पर जातो, मुलाच्या हातून नव्हे. आपल्याकडे त्यासाठी उदगीर-अहमदपूरच्या मुलांनी विद्यापीठाच्या गावी खेटे घालायचे, खिडकीवर चलन, दुसऱ्या खिडकीवर अर्ज, मग ‘साहेब रजेवर आहेत’. सीलबंद पाकीट, झाकणावर सही-शिक्का, आणि पोस्टाचा खर्च मुलाचाच. माझ्याकडच्या एका मुलीने यासाठी सहा फेऱ्या मारल्या, दर फेरीला वडिलांची मजुरी बुडाली. अधिकृत पत्त्यावरून थेट ईमेलने पाठवायची सोय जिथे झाली आहे तिथे हे सगळं दोन दिवसांत होतं. (मुलांनीही ध्यानात ठेवावं, अर्ज करताना बऱ्याच विद्यापीठांना स्कॅन केलेली मार्कशीट चालते, अधिकृत प्रत प्रवेश मिळाल्यावर लागते. आधी विद्यापीठाचं पान वाचा, मग धावा.)

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं, आणि आईचं वेगळ्या रकान्यात. पोर्टलमध्ये पहिलं नाव आणि शेवटचं नाव. पाहणारा माणूस मार्कशीटवरचा पहिला शब्द नाव समजतो, पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत असतात, आणि टोफेलचे गुण तिसऱ्याच नावाखाली जातात. कागद जुळत नाहीत म्हणून अर्ज ‘अपूर्ण’ दाखवत राहतो. ट्रान्सक्रिप्टवर ‘आडनाव’ आणि ‘नाव’ असे दोन शब्द छापले तर हा घोळ मिटेल. ग्रेड कशाला किती, हा तक्ताही मागच्या पानावर न ठेवता पुढे छापा. मागचं पान स्कॅन करायचं राहून जातं.

एका अर्जाची फी बहुतेक ठिकाणी ७५ ते १२५ डॉलरच्या दरम्यान असते. माझ्या वेळी डॉलर सत्तर रुपयांच्या वर होता, सात अर्जांचे पन्नास हजारांच्या घरात गेले. वडिलांचं डेबिट कार्ड परदेशी व्यवहाराला चालेना, तेव्हा पुण्याच्या मावसभावाच्या क्रेडिट कार्डवर एकेक फी भरली आणि आईने सोसायटीतून उचल घेऊन त्याला परत केली. एक पत्र न आल्यामुळे अपूर्ण राहिलेल्या अर्जाची फीसुद्धा परत मिळत नाही. ईमेलमधली ती लिंक तुम्ही उघडत नाही तेव्हा काय पणाला लागलेलं असतं, ते कळावं म्हणून हे लिहिलं.

आत्ता माझ्यासमोर एका मुलीचं पोर्टल उघडं आहे. तिने स्क्रीन शेअर केली आहे. तीन नावांपैकी दोघांपुढे हिरवी खूण आहे. तिसऱ्या नावापुढे ‘विनंती पाठवली’ असं अकरा दिवस दिसतं आहे. ते सर तिला मनापासून हो म्हणाले होते. विचारायला पुन्हा फोन करू का, सर रागावतील का, असं ती मला दोनदा विचारून बसली. शेवटची मुदत १५ डिसेंबर, तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरची रात्रीची ११.५९, म्हणजे आपली १६ तारखेच्या सकाळची १०.२९. सर, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर एकदा स्पॅमचा फोल्डर बघाल का? पाठवणाऱ्याच्या जागी तिचं नाव नसेल, विद्यापीठाचं असेल.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी